बिजलीकुमारांची चेष्टा

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्वस्ति श्री. सकलमंचमंडन, सहस्रदर्पणखचितकंचुकधारी, त्र्यंगुलोन्नतपादत्राणविहारी, विद्युद्दीपवेष्टितविग्रह, बिलासपूर-कोरबा-जबलपूर-दिग्विजयी, केशसंभारसंवर्धनैकव्रती श्रीमान सुधाकरराव ऊर्फ बिजलीकुमार यांच्या चरित्रलेखनाचा आरंभ त्यांचे कनिष्ठ बंधू, शासनाच्या एका दुर्लक्षित कार्यालयातील त्याहून दुर्लक्षित अनुवादक, परिपत्रकपंचानन, निविदासूचनाभास्कर, मधुमेहभूषण प्रभाकर यांनी आजच्या शुभदिनी केला.

दादाला वाचून दाखवले. तो उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होता.

"हे कोन आहे बे?"

"तू."

"मी मेलो का?"

मी म्हटले, ही केवळ मंगल प्रस्तावना आहे. तो म्हणाला, "असं मेल्यावर लिवतेत. साधं लिव." पत्र्यावर वाळू ओतावी तसा आता त्याचा आवाज आहे. दहा मिनिटे बोलतो, अर्धा तास थांबतो.

वस्तुस्थिती, एकदाच लिहून ठेवतो. दादाचे वय सहासष्ट; एकेकाळी ऑर्केस्ट्राच्या मंचावर गाणारा-नाचणारा. स्वरयंत्राचा कर्करोग. उन्हाळ्यात किरणोपचार झाले, पावसाळ्यात रोग परत आला. रायपूरच्या पुरानी बस्तीतील त्याची भाड्याची खोली सोडवून त्याला आमच्याकडे चौबे कॉलोनीत आणले, त्याला तीन महिने झाले. शनिवारी शल्यविशारदांनी सांगितले की आता स्वरयंत्र संपूर्ण काढावे लागेल. मानेला छिद्र, श्वास तेथून. काढले तर काही वर्षे. न काढले तर श्वासमार्ग मिटत जाईल. प्रश्न थोड्या महिन्यांचा.

"देखिए, बोली जाएगी, आदमी बचेगा," असे ते म्हणाले.

दादा म्हणाला, "डॉक्टर साहब, आदमी तो कब का गया। बोली ही बची है।"

संमतिपत्रावर त्याने सही केली नाही. अट घातली: "माही कहानी पुरी लिव. ज्या दिवशी पुरी झाली, त्या दिवशी सही करतो. अर्ध्यात आवाज काढून घेतला त बाकीचं कोन सांगन? तू?"

शस्त्रक्रिया १९ तारखेला, बुधवारी, सकाळी आठ वाजता. पंधरा दिवसांत सहासष्ट वर्षे. दिवसाला सुमारे साडेचार वर्षे पडतात. कार्यालयात मी एका निविदासूचनेला आठवडा लावतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रजा मंजूर. साहेब म्हणाले, "सरल भाषा में लिखिए, प्रभाकर जी। आपके आवेदन के लिए शब्दकोश खोलना पड़ता है।"

आज गणपतीच्या मांडवाची हकीकत. रेल्वे क्वार्टरमागचे मैदान, दादा तेवीस वर्षांचा. सिनेमात त्याने छताला फिरणारा आरशांचा गोळा पाहिला होता. रायपुरात तो कोण देणार. कुंभारपाऱ्यातून एक मडके आणले, न्हाव्याच्या दुकानातल्या फुटक्या आरशाचे तुकडे डांबराने चिकटवले, आणि टेबलफॅनच्या मोटारीला ते उलटे टांगले. दिवे लागले. अख्ख्या मांडवावर उजेडाचे कण फिरू लागले.

"लोक वरतं पाहून राहिले," दादा म्हणाला. "माह्याकडं कोनीच नाई. मडक्याले टाळ्या पडल्या."

तिसऱ्या गाण्याला मडके हार्मोनियमवाल्या काकांवर उतरले. काका त्यानंतर कायमचे भजनाकडे वळले.

मी लिहिले: "मृत्तिकाघटावर दर्पणखंडांची योजना करून त्यांनी प्रकाशगोलक सिद्ध केला." वाचून दाखवले.

"मडकं म्हन बे, मडकं."

मी म्हटले, चरित्राला काही प्रतिष्ठा असते. "माही इज्जत मडक्यानंच झाली," तो म्हणाला. खोडले. मडके लिहिले.

मंदा (माझी पत्नी) मुगाचे पाणी घेऊन आली. "भाऊजी, हे घरीबी परिपत्रकच बोलतेत. मी तीस वर्षं ऐकून राहिली." दादा हसला. हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे.

८ नोव्हेंबर, शनिवार

"बिजलीकुमार" हे नाव कसे पडले, याची त्याच्याकडे तीन कथने आहेत. आजचे तिसरे, आणि माझ्या मते खरे.

पांढऱ्या सुटात टॉर्चचे बल्ब शिवलेले. कोटाच्या आत, पाठीवर, पट्ट्याने बांधलेली स्कूटरची बॅटरी. कोरब्याचा कार्यक्रम, समोर खाणीतून सुटलेली पाळी, डोळ्यांभोवती कोळसा तसाच. दुसऱ्या गाण्यात बॅटरीतले आम्ल गळू लागले. दादा उड्या मारू लागला. लोकांना वाटले नवी स्टेप आहे. दुसऱ्या दिवशी कोरब्यातली सगळी पोरे तशा उड्या मारत हिंडत होती.

मी लिहिले: "आम्लस्रावामुळे पार्श्वभाग दग्ध झाला."

"हे बराबर लिवलं," तो म्हणाला. "ढुंगण लिवलं असतं त मंदा वाचन." या कामात संस्कृतचा हा एकमेव विजय.

बल्ब शिवून कोणी दिले, हे विचारले. शीलाने. बिलासपूरची. सहा वर्षे त्याच्याबरोबर नाचली आणि राहिली. पुढे कॅसेट आल्या, मग डीजे आले, ऑर्केस्ट्राचा काळ सरला आणि ती बिलासपूरला परत गेली.

"गेली त गेली. सुटाचे बल्ब काढून घेऊन गेली."

एवढेच सांगितले आणि भिंतीकडे वळला. यावर मी काही रचले नाही. त्याचेच शब्द ठेवले.

९ नोव्हेंबर, रविवार

ऑर्केस्ट्रानंतर दादा बारा वर्षे उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होता. पाळी सुरू होताना ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारण्याचे काम. धूळ फुफ्फुसात आणि नावे हवेत. त्यानंतर जाहिराती: ऑटोवर कर्णे बांधून गल्लोगल्ली फिरवतात त्या. कोचिंगचे वर्ग, हरवलेली म्हैस, साड्यांचा सेल.

दुपारी खालून असाच एक ऑटो गेला. "माताओं, बहनों, भव्य सेल, भव्य…" दादाचा आवाज. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, भरलेला, तेलकट, शेवटच्या अक्षराला किंचित कंप देणारा. मंदा खिडकी लावायला उठली. दादाने हात वर करून तिला थांबवले. ऑटो मंदिराकडे वळेपर्यंत त्या आवाजावर तो ओठ हलवत होता. एक अक्षर चुकले नाही.

मग म्हणाला, "'भव्य'च्या नंतर श्वास तुटला माहा. पयले ध्यानात नाई आलं."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पुरेसा वेळ तेथे थांबलो. पाणी वाया गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रुग्णालयात दाखल केले. शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर तपासण्या व नळीतून पूरक पोषण.

खिडकीवरच्या बाईंनी विचारले, "मरीज़ आपके कौन लगते हैं?" मी सवयीने म्हणालो, "दादा." त्यांनी हिंदीतला दादा, म्हणजे आजोबा, टंकला. गळ्यात अडकवायचे ओळखपत्र मिळाले: परिचारक प्रभाकर, संबंध: पौत्र. सत्तावन्न वर्षांचा, टकल्या, मधुमेही नातू. बदलायचे तर अर्ज द्यावा लागेल, तोही मूळ पत्रासह, आणि मूळ पत्र गळ्यातून काढले तर आत सोडत नाहीत. दादाला या घटनेने फार आनंद झाला. दर दहा मिनिटांनी, "नातवा, पानी दे."

संध्याकाळी सिस्टर संमतिपत्र पुन्हा घेऊन आल्या. हिंदीत. त्यातले एक वाक्य: "मुझे इस शल्यक्रिया पर कोई आपत्ति नहीं है।" हिंदीतली आपत्ति म्हणजे हरकत; दादाने ते मुद्दाम मराठीत वाचले.

"मले कोनतीच आपत्ती नाई? गयात कॅन्सर घेऊन बसलो, अन् म्हनते आपत्ती नाई म्हनून सही कर."

"क्या हुआ, दादा जी?" सिस्टर.

"कुछ नहीं बेटा। आपके फॉर्म में मेरी तबीयत बढ़िया लिखी है।"

"हव, अच्छी हो जाएगी," त्या म्हणाल्या आणि पत्र त्याच्या उशाशी ठेवून गेल्या.

मीही हसत होतो. तेवढ्यात दादा म्हणाला, "बाबानं असंच वाचलं असतं. ते पेपरचं ध्यानात हाय ना तुह्या? चेष्टा? उद्या तेच सांगतो."

म्हणालो, ध्यानात आहे.

रात्रीचे जेवण वर्ज्य केले. वैद्यकीय कारण नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दादाने सांगितले तसेच उतरवतो.

"मोठ्या मैदानात प्रोग्राम झाला. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात चार ओळी आल्या. 'युवा कलाकार सुधाकर की चेष्टा देखकर दर्शक दंग रह गए।' आता हिंदीत चेष्टा म्हंजे कोशिश, मेहनत. आपल्या मराठीत चेष्टा म्हंजे टवाळी. बाबा बडनेऱ्याहून बदलीवर येऊन दीड वर्ष झालं होतं, मालधक्क्यावरची हिंदी त्यायची. त्यायनं मराठीत वाचलं. पोट्ट्याची टवाळी झाली अन् सारं गाव पाहून दंग झालं. बस."

पुढचे मला पाठ आहे, तरी लिहून घेतले. तीन महिने खपून दादाने आरशांचे जाकीट शिवले होते. बाबांनी ते बंबात घातले. एक शब्द बोलले नाहीत; कारण दादाला पुढे आईकडून कळले. दादा दुपारच्या गाडीने बिलासपूरला गेला, एका पिशवीनिशी. अकरा वर्षांनी परतला. तोवर बाबांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

ही गोष्ट त्याने गावोगावी मंचावरून सांगितली आहे. "एका शब्दानं मले घरातून काढलं, मायबाप, अन् तुमच्या दारात आनलं." म्हणे येथे दर वेळी टाळ्या पडत.

"बाबाचा दोष नाई," तो म्हणाला. "कोनाचाच नाई. शब्दाचा दोष. हे नीट लिव, परभ्या. माह्या कहानीचा कना हाय हा."

त्याचा चेहरा शांत होता. सगळे लिहिले. अक्षर सुवाच्य आले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जे दादाला ठाऊक नाही ते.

त्या दिवशी बाबा वर्तमानपत्र घेऊन मागच्या अंगणात आले. मी नववीत, हिंदी शाळेत. अभ्यासाला बसलो होतो, तोही हिंदीचाच. बाबांनी ओळीवर बोट ठेवले. "परभ्या, तू हिंदीत शिकते. हे चेष्टा म्हंजे आपलीच ना रे?"

मी म्हणालो, "हो. आपलीच."

आयुष्यातला माझा पहिला अनुवाद. बरोबर उत्तर मला येत होते. आदल्याच आठवड्यात शाळेत त्यावर वाक्य केले होते.

कारण? आदल्या संध्याकाळी दादाने मला मंचावर बोलावले होते. मला वाटले ओळख करून देणार. त्याने माईकवर म्हटले, "ये मेरा छोटा भाई, चश्मे की दुकान।" मैदान हसले. जाड भिंगांचा चष्मा नुकताच लागला होता मला. दुसऱ्या दिवशी बाबांचे बोट त्या शब्दावर होते आणि माझ्या दृष्टीने त्या शब्दाचा मराठी अर्थच खरा होता. फक्त चेष्टा त्याची नव्हती, माझी होती.

जाकीट जळेल एवढे मला कळत होते. दादा जाईल हे कळत नव्हते. त्या दिवशी पाणी उत्तम तापले. मी आंघोळ केली. आरसे जळत नाहीत. दुसऱ्या दिवशी राख काढताना आईने बोटे कापून घेतली.

बाबा आणखी नऊ वर्षे होते. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी विचारले, "सुधाकरले लोक अजून हसतेत का रे?" मी तेव्हा अनुवादक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शब्द दुरुस्त करण्याचा शासनाकडून पगार घेत होतो. म्हणालो, "माहीत नाही, बाबा."

त्यानंतरच्या चौतीस वर्षांत कोणत्याही परिपत्रकात मी "चेष्टा" हा शब्द वापरला नाही. दर वेळी "प्रयास" लिहिले. कोणाच्या लक्षात आले नाही.

दुपारी घरी जाऊन मंदाला सांगितले. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी संपवली.

"चाळीसावर वर्षं हे पोटात ठेवलं तुमी. अन् मी म्हणे पित्त हाय."

विचारले, काय करू. शस्त्रक्रियेनंतर सांगू का.

"नंतर त्यायले बोलता येईन का?"

"नाही."

"मंग सोय तुमचीच हाय," ती म्हणाली आणि काड्या उचलून आत गेली.

ते खरे आहे. १९ नंतर सांगितले तर तो मला एक शिवीसुद्धा देऊ शकणार नाही. आधी सांगितले तर त्याच्या कहाणीचा कणा मोडतो, आणि कहाणी पुरी झाल्याशिवाय तो सही करणार नाही. न सांगितले तर कहाणी पुरी होते, सही होते, दादा वाचतो. आणि त्याच्या उशाशी माझ्या हस्ताक्षरातले खोटे राहते. तिसरा पर्याय अत्यंत व्यवहार्य आहे. दोन दिवस त्यालाच पुष्टी देणारी कारणे गोळा करतो आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सांगितले.

साडेतीनला, तापमान घेऊन सिस्टर गेल्यावर. आधी सांगितले की चरित्रात एक तथ्यात्मक त्रुटी आहे. तो म्हणाला, "कोनती? कोरबाची?" मग सांगितले. बाबांचे बोट, त्यांचा प्रश्न, माझे उत्तर.

तो छताकडे पाहत होता.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"काहून मंग?"

चष्म्याचे सांगितले. माईक, मैदान, हशा.

"मी असं म्हनलो?"

"हो."

"मले त आठवतबी नाई, परभ्या."

हे मी कोणत्याही मसुद्यात धरलेले नव्हते. त्रेचाळीस वर्षे ज्या वाक्याच्या आधाराने मी स्वतःला अर्धा दोष माफ करत आलो, ते म्हणणाऱ्याला आठवत नाही.

तो म्हणाला, "मी हजार वेळा सांगतलं स्टेजवरून, शब्दाचा दोष म्हनून. लोक टाळ्या वाजवत." मग: "बाबाले काय वाटत होतं, मरताना?"

तेही सांगितले. येथे थांबता आले असते.

त्याने भिंतीकडे तोंड केले. पाच वाजता चहाची गाडी आली, गेली. सहाच्या सुमारास पाठ तशीच ठेवून म्हणाला, "लिव."

"काय?"

"हेच. तू सांगतलं तसं. तो अध्याय फाड अन् हा लिव. संस्कृत नको."

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिला मसुदा: "अनवधानाने अर्थविपर्यास घडून आला."

दादाने वाचला. "अनवधानानं?" फाडला.

दुसरा: "बालसुलभ असूयेच्या भरात…"

"नववीतला पोट्टा बाल असते का? त्या वयात माह्या मिशा होत्या." फाडला.

तिसरा: "प्रस्तुत लेखकाकडून वडिलांना चुकीचा अर्थ सांगण्यात आला."

"हा प्रस्तुत लेखक कोन? इथं भर्ती हाय का?"

मी म्हटले, ती लेखनाची रीत आहे. कार्यालयीन भाषेत कर्ता नसतो. आदेश दिले जातात, विलंब होतो, नस्ती गहाळ होते.

"घर सोडलं जाते," तो म्हणाला. फाडला. म्हणाला इतक्या बारीक आवाजात की फाटण्याचा आवाज त्याहून मोठा होता.

सकाळी फेरीत शल्यविशारदांनी गळ्यात दुर्बीण घालून पाहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, वाट आणखी अरुंद झाली आहे, १९ चुकवू नका. "दादा जी को समझाइए। आप पोते हैं, आपकी सुनेंगे।"

चौथा मसुदा मीच फाडला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी उद्यानाच्या बाकावर बसून लिहिले. येथे प्रत ठेवतो.

"बाबांनी मला विचारलं, चेष्टा म्हणजे आपलीच ना. मला माहीत होतं, ती आपली नाही. मी हो म्हणालो. मला दादाचा राग आला होता. बाबांनी जाकीट जाळलं तेव्हा मी तिथं उभा होतो. दादा निघाला तेव्हा मी घरात होतो, बाहेर आलो नाही. नंतर मला रोज सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. बाबा मेले, तरी सांगितलं नाही."

चौतीस वर्षांच्या सेवेत इतके निकृष्ट गद्य माझ्या हातून झाले नव्हते. सहा ओळींना तीन तास.

दादाने दोनदा वाचले. दुसऱ्यांदा ओठ हलवत. घडी घालून उशीखाली ठेवले. रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

मी विचारले, "आता पुरी झाली?"

"तुही झाली," तो म्हणाला. "माही बाकी हाय अजून."

"मग सांग. लिहून घेतो."

मान हलवली. नाही.

संमतिपत्र उशाशी तसेच आहे. त्यावर पाण्याच्या पेल्याचे वर्तुळ उमटले आहे. त्यानंतर दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. मंदाशी बोलला, मुगाच्या पाण्यात मीठ कमी आहे म्हणाला. मी दाराशी उभा राहून ऐकले. परवा हा आवाज नसेल, आणि त्यातले शिल्लक शब्द तो मिठावर खर्च करत होता. ज्याला वाटेल तिथे खर्च करण्याचा त्याला अधिकार आहे. माझ्यावर नाही, हेही मला समजते.

ओळखपत्राच्या दुरुस्तीचा अर्ज दिला नाही. भाऊ म्हणून आत जाण्यापेक्षा नातू म्हणून जाणे सध्या सोपे आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरनी सकाळीच सांगितले: संध्याकाळी सहापर्यंत संमतिपत्र कार्यालयात पोहोचले पाहिजे, नाहीतर उद्याची आठची वेळ दुसऱ्या रुग्णाला जाईल. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तीन आठवडे त्याच्याकडे आहेत की नाहीत, हे शल्यविशारदांनी सांगितले नाही. मी विचारले नाही.

दादाने खुणेने वही मागितली. दिली. पेन मागितले. माझे काळे दिले. तो स्वतः लिहू लागला. मराठी शाळा त्याची सातवीपर्यंतच. एकेक अक्षर कोरून काढत होता. मी जवळ गेलो की डावा हात पानावर आडवा ठेवत होता, परीक्षेत शेजारच्याने पाहू नये तसा. दोन पाने झाली. तिसरे सुरू झाले. काय लिहीत होता? बिलासपूरची गाडी? शीला? ते अकरा वर्षांचे, जे मी कधी विचारले नाही? की पेनाची टोपी लावून उद्या घरी जाऊ म्हणणार होता? मंदा म्हणाली, "पाहू नका त्यायच्याकडं. लिहू द्या."

मी व्हरांड्यात उभा राहिलो. आत येण्याची खूण झाली तर दिसावी म्हणून दार अर्धे उघडे.

दोन वाजता सिस्टरांना कोणत्यातरी नोंदवहीत सही करायची होती. दादा लिहिता लिहिता झोपला होता, पेन चादरीवर पडले होते, ते त्या घेऊन गेल्या. "अभी देती हूँ, भैया." त्यांची पाळी दोनलाच संपली. त्या घरी गेल्या. आमचे पेनही गेले.

साडेचारला दादा जागा झाला. वही एका मांडीवर, संमतिपत्र दुसऱ्या मांडीवर. माझ्याकडे पाहिले. चार दिवसांत प्रथमच सरळ पाहिले. बोटांनी हवेत लिहिल्यासारखे केले: पेन.

कशासाठी, हे मी विचारले नाही. विचारण्याचा हक्क कोणत्या कागदावर सही करून मिळतो ते मला ठाऊक नाही.

संमतिपत्राच्या तळाशी ठळक छापले आहे: "केवल काली स्याही मान्य।" पहारेकऱ्याकडे निळे आहे. लिफ्टवाल्याकडे निळे. उपाहारगृहात लाल, तेही दोरीने बांधलेले. औषधांच्या दुकानातला म्हणाला, "भैया, हम तो नीला ही रखते हैं।" बाहेरचे लेखनसामग्रीचे दुकान मंगळवारी बंद असते. नव्या सिस्टर म्हणतात, मागच्या पाळीच्या वस्तूंची जबाबदारी त्यांची नाही. मी हे पेन्सिलने लिहीत आहे. पावणेसहा झाले. एवढ्या मोठ्या रुग्णालयात, चार मजल्यांवर, काळ्या शाईचे एक पेन नसावे, ही अत्यंत निषेधार्ह बाब आहे आणि यासंबंधी तक्रारपेटी कुठे आहे असे विचारले असता, ती दुरुस्तीला गेली आहे, असे कळवण्यात आले.